गायरानावरचे गोल्फ : इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांकडे, नातवंडांकडे इंग्लंडला जाणारी मराठी कुटुंबे आता गावोगावी आहेत. लंडन झाले, बाथ झाले, स्टोनहेंज आणि लेक डिस्ट्रिक्ट झाले की बहुतेकांची यादी संपते. ग्रामीण इंग्लंडमधली जुनी गोल्फ मैदाने त्या यादीत दिसत नाहीत. गोल्फ म्हटले की कुंपण, पहारेकरी आणि सभासदत्वाची भली मोठी रक्कम एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. आपल्याला आत कोण घेणार, असे म्हणून माणूस तो विषय सोडून देतो. पण तिथल्या सगळ्याच मैदानांना हे लागू नाही. काही फार जुनी मैदाने गावाच्या सामायिक चराऊ जमिनीवर, म्हणजे आपल्याकडच्या गायरानासारख्या जमिनीवर आहेत. गावकऱ्यांची जनावरे तिथे चरतात, लोक कुत्री घेऊन फिरायला येतात आणि त्या सगळ्यांच्या मधून खेळ चालतो. गोल्फ न खेळणाऱ्यांनीही ही मैदाने पाहावीत असे मनापासून वाटते. मात्र तिथे कसे वागायचे हे ठाऊक नसले तर चेंडू डोक्यात बसण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून हे पत्र.

उदाहरण म्हणून एकच मैदान नीट घेऊ. डेव्हन परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्दम नावाचे गाव आहे. त्याच्या खाली, समुद्र आणि टॉरिज नदीची खाडी यांच्या मधोमध, नॉर्दम बरोज हा सुमारे अडीचशे हेक्टरांचा सपाट वालुकामय पट्टा पसरला आहे. त्यावर रॉयल नॉर्थ डेव्हन गोल्फ क्लबचे मैदान आहे. शेजारच्या वस्तीचे नाव वेस्टवर्ड हो!, नावातच उद्गारचिन्ह असलेले. १८५५ सालच्या एका लोकप्रिय कादंबरीवरून ते पडले, म्हणून गोल्फच्या जगात मैदानालाही सर्रास तेच नाव आहे. स्कॉटलंडहून आलेले ओल्ड टॉम मॉरिस यांनी १८६० मध्ये इथली आखणी केली, १८६४ मध्ये क्लब स्थापन झाला आणि काही वर्षांत प्रिन्स ऑफ वेल्सच्या आश्रयामुळे नावामागे ‘रॉयल’ लागले. लंडनजवळचा ब्लॅकहीथचा क्लब याहून जुना आहे, पण त्याची जागा बदलत गेली. मूळच्याच जमिनीवर आजही खेळले जाणारे इंग्लंडमधले सर्वांत जुने मैदान हेच. १८६८ मध्ये इथे महिलांचा स्वतंत्र क्लब निघाला, तोही इंग्लंडमधला पहिला. सध्याची होलांची (म्हणजे टप्प्यांची, प्रत्येकाच्या शेवटी चेंडू घालण्याचा खळगा आणि झेंडा) रचना बरीचशी हर्बर्ट फाउलर यांनी १९०८ मध्ये केलेली आहे.

आपल्या वाचकांसाठी इथे एक नोंद करावीशी वाटते. कोलकात्यात गोल्फ क्लब १८२९ मध्ये निघाला आणि मुंबईत १८४२ मध्ये. म्हणजे वेस्टवर्ड हो! येथे क्लब निघाला तेव्हा मुंबईत क्लब निघून बावीस वर्षे झाली होती. मुंबईतच जन्मलेला रडयार्ड किपलिंग १८७८ ते १८८२ या काळात वेस्टवर्ड हो! येथील शाळेत शिकला. लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी काढलेली ही शाळा होती. इमारतींची ती लांबलचक रांग आजही टेकडीच्या उतारावर उभी आहे आणि वरची टेकडी त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिथे चढून गेले की अख्खे मैदान, त्यापलीकडची खाडी आणि समुद्र एका नजरेत येतो. चालायला निघण्याआधी हा चढ जरूर चढावा, कारण खाली उतरल्यावर सपाटीत मैदानाचा अंदाज लागत नाही.

आता जमिनीविषयी, कारण इथली खरी मौज तीच आहे. बरोजवर मेंढ्या आणि घोडे चारण्याचा हक्क नॉर्दम गावच्या रहिवाशांचा आहे. ज्याची गावात स्वतःची चूल आहे त्याचा हा हक्क, आणि अशा हक्कदारांना पॉटवॉलपर म्हणतात. गोल्फ नंतर आले. चराईचा हक्क त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे क्लबला जनावरे हाकलता येत नाहीत. पहिल्या होलच्या ऐन फेअरवेवर (खेळाच्या पट्ट्यावर) घोडी आणि शिंगरू उभे असले तर खेळाडू थांबतो किंवा बाजूने मारतो. याचा मैदानाला तोटा झाला असे समजू नये. खाली समुद्राने आणून टाकलेली वाळू असल्यामुळे पावसाचे पाणी साचत नाही, आणि वरचे फेस्क्यू जातीचे बारीक गवत मेंढ्यांनी कुरतडून इतके आखूड ठेवलेले असते की शे-दीडशे वर्षांपूर्वी गवत कापण्याच्या यंत्राची तिथे फारशी गरजच नव्हती. समुद्रकाठच्या अशा मैदानांना लिंक्स म्हणतात. आपल्याकडच्या गोल्फ मैदानांवर हरळी असते, म्हणजेच दूर्वा. हरळीत चेंडू थोडा वर तरंगून राहतो. फेस्क्यूवर तो अगदी जमिनीला टेकून बसतो आणि पडल्यावर लांबवर घरंगळतो. खेळणाऱ्याला या फरकाने सुरुवातीला फार त्रास होतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

या मातीतून आलेला मोठा खेळाडू म्हणजे जे. एच. टेलर. जन्म १८७१, नॉर्दम. वडील लहानपणीच गेले, अकराव्या वर्षी शाळा सुटली, आणि मुलगा याच मैदानावर कॅडी म्हणून काम करू लागला. पुढे मैदानाची निगा राखणाऱ्या कामगारांत गेला. सैन्यात भरती व्हायला गेला तर दृष्टी कमी आणि तळपाय सपाट म्हणून परत पाठवला. १८९४ मध्ये ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धा पहिल्यांदाच स्कॉटलंडबाहेर, सँडविच येथे झाली. ती टेलरने जिंकली. ओपन जिंकणारा तो पहिला इंग्लिश व्यावसायिक खेळाडू. पुढे १८९५, १९००, १९०९ आणि १९१३ अशी आणखी चार वेळा त्याने ती जिंकली. १९०१ मध्ये व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना उभी राहिली त्यातही त्याचा पुढाकार होता. ज्या क्लबात तो पोरवयात इतरांच्या पिशव्या वाहत असे, त्या क्लबाने १९५७ मध्ये त्याला अध्यक्ष केले. १९६३ मध्ये नॉर्दमलाच त्याचे निधन झाले. कामकरी माणसांचा वेगळा गोल्फ क्लब नॉर्दममध्ये १८८८ पासून होता. टेलरसारखी मुले त्यातून खेळत. ‘साहेबांचा खेळ’ एवढेच म्हणून गोल्फकडे पाहणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी.

पोचायचे कसे, ते थोडक्यात. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून एक्सेटरपर्यंत जलद गाडी, तिथून टार्का लाइन या छोट्या मार्गाने बार्नस्टेपल, आणि तिथून बिडफर्डमार्गे बस. सगळे धरून साडेचार ते पाच तास लागतात. म्हणून एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट करू नये. बिडफर्ड, ॲपलडोर किंवा वेस्टवर्ड हो! येथे एक रात्र राहावे. रविवारी बस कमी असतात. स्वतःची गाडी असेल तर बरोजच्या फाटकावर गाडीमागे शुल्क द्यावे लागते. पायी येणाऱ्याला काही द्यावे लागत नाही.

फक्त पाहायला जाणाऱ्यांसाठी उत्तम रस्ता म्हणजे किनाऱ्याची लांब पल्ल्याची पायवाट, साउथ वेस्ट कोस्ट पाथ. तिच्या खांबांवर ओकच्या फळाची खूण असते. वेस्टवर्ड हो! गावातून उत्तरेकडे निघाले की डावीकडे समुद्र आणि उजवीकडे मैदान असते. समुद्र आणि मैदान यांच्यामध्ये करड्या गोट्यांचा नैसर्गिक बांध आहे, जवळजवळ तीन किलोमीटर लांब. हे गोटे दक्षिणेकडच्या हार्टलंडच्या बाजूच्या कड्यांतून सुटून, लाटांनी गोल होत होत इथवर आलेले आहेत. बांधाच्या टोकाला वळसा घालून खाडीच्या बाजूने स्कर्न नावाच्या खाजणाकाठून ॲपलडोरला उतरता येते. रमतगमत चालले तरी अडीच-तीन तास पुरतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर बांधाच्या माथ्यावरून चालू नये. गोटा पायाखाली फिरतो आणि घोटा मुरगळतो. बांधाच्या आतल्या बाजूची गवताळ वाट धरावी. गोटे आठवण म्हणून पिशवीत टाकू नयेत. बांध त्यांच्यावरच उभा आहे आणि नव्या गोट्यांची आवक कमी झाली आहे. बांध हळूहळू जमिनीकडे सरकतो आहे आणि अलीकडच्या वादळांत समुद्राकडच्या होलांची जमीन खचून वाहून गेली आहे. जिथे कडा तुटलेली दिसेल तिथे काठावर उभे राहून फोटो काढणे धोक्याचे आहे. खाली नुसती वाळू असते आणि वरचा गवताचा थर छज्जासारखा पोकळीवर लोंबत असतो. उधाणाच्या भरतीला पाणी बांधाच्या पायथ्याशी येते, तेव्हा पुळणीवरून जायचे असेल तर भरतीचे वेळापत्रक आधी पाहावे. खाजणाच्या चिखलात तर मुळीच उतरू नये.

वाट मैदान ओलांडते तिथे सावध राहायचे. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅम वजनाचा असतो, पण साधारण खेळाडूच्या ड्रायव्हर नावाच्या लांब काठीवरूनही तो ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो आणि दीड-दोनशे मीटर दूर येऊन पडतो. मारणाऱ्याला इतक्या लांबचे माणूस उंचवट्यामागे दिसेलच असे नाही. फेअरवे म्हणजे कापलेल्या गवताचा लांब पट्टा. तो ओलांडण्यापूर्वी कडेला उभे राहून आधी हे ठरवावे की टी, म्हणजे पहिला फटका मारण्याचा चौथरा, कोणत्या बाजूला आहे आणि झेंडा कोणत्या बाजूला. टीवर माणसे उभी दिसली तर थांबावे. एकाने मारले की लगेच निघू नये. चौघे असतात, चौघांचे होऊ द्यावे. ते चालू लागले की मग सरळ, तिरके न जाता, भराभर पार व्हावे. मध्येच थांबून फोटो काढू नये. बहुतेक खेळाडू उजखुरे असतात आणि नवशिक्याचा चुकलेला फटका उजवीकडे वळतो. त्यामुळे टीवरून झेंड्याकडे पाहताना जी उजवी बाजू, ती अधिक धोक्याची. थांबायचे असेल तर डावीकडे थांबावे.

‘फोर!’ अशी आरोळी ऐकू आली तर आवाजाच्या दिशेने वळून पाहण्याचा मोह टाळावा. पाहणाऱ्याच्याच तोंडावर चेंडू बसतो. पाठ फिरवून खाली वाकावे आणि दोन्ही हात डोक्यावर घ्यावेत. लहान मूल असेल तर त्याला आपल्या अंगाखाली घ्यावे. आणखी एक गोष्ट समुद्रकाठी विसरू नये : वारा बहुधा पश्चिमेकडून जोरात असतो. आपण वाऱ्याच्या वरच्या बाजूला असलो तर ती आरोळी आपल्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून कानांवर भरवसा ठेवू नये, डोळ्यांवर ठेवावा. कानात गाणी लावून चालणे इथे खरोखरच जिवावर बेतू शकते.

झेंड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ म्हणजे ग्रीन. त्यावर पाय ठेवू नये, चटई पसरू नये, मुलांना खेळू देऊ नये. वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, मुलांना खेळण्यासाठी केल्यासारखेच वाटतात. त्यांना आधीच सांगून ठेवावे. फेअरवेवर पडलेला चेंडू उचलून खिशात घालू नये. दोनशे मीटरवरून त्याचा मालक चालत येत असतो.

जनावरांबाबत : घोड्यांना काही खायला घालू नये, मागून जाऊ नये, शिंगरू असलेल्या घोडीपासून लांबच राहावे. कुत्रे बरोबर असेल तर मेंढ्यांजवळ पट्टा हातात हवा. उन्हाळ्यात गवतात गोचिडी असतात आणि इंग्लंडमध्ये त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. लांब विजार, मोजे घालावेत आणि घरी आल्यावर गुडघ्यांमागे, काखेत नीट पाहावे. गोचीड चिकटलेली आढळली तर तेल-तूप न लावता बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. चंडोल पक्षी इथे जमिनीवरच घरटे करतो, म्हणून मार्च ते जुलै वाट सोडून उंच गवतात शिरू नये.

क्लबच्या इमारतीत गोल्फच्या जुन्या वस्तूंचा छोटासा पण मोलाचा संग्रह आहे. तो पाहायचा तर आदल्या दिवशी फोन करून विचारावे, चिखलाचे बूट दारात काढावेत, मोबाइल मुका ठेवावा. अशा संग्रहांत हातोडीने ठोकलेले गट्टा-पर्चाचे चेंडू बारकाईने पाहावेत. मलायातील झाडांच्या चिकापासून ते बनत. दाताच्या रूट कॅनॉलमध्ये आजही हाच पदार्थ भरतात. त्याआधी चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे कोंबून केलेला असे. तो महाग पडे आणि पावसात भिजला की फुटे. १८४८ च्या सुमारास गट्टा-पर्चा आला आणि खेळ स्वस्त झाला, वेस्टवर्ड हो!सारखे क्लब १८६० च्या दशकात निघू शकले त्यामागे हेही एक कारण आहे. नवा गुळगुळीत चेंडू हवेत डुचमळतो आणि वापरून ओरखडे पडलेला सरळ, दूर जातो, हे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले. म्हणून नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीचे वण उठवू लागले. आजच्या चेंडूवरचे खळगे त्याच वणांपासून आले.

आता जे खेळायलाच जाणार आहेत त्यांच्यासाठी. भारतातला हँडिकॅप (खेळाडूचे कौशल्य दाखवणारा आकडा) इंग्लंडमध्ये चालतो, कारण २०२० पासून पद्धत जगभर एकच झाली आहे. आपल्या क्लबाकडून त्याचा ताजा दाखला घेऊन जावा. वेळ काही आठवडे आधी नोंदवावी. शनिवारी सभासदांच्या स्पर्धा असतात, पाहुण्यांना आठवड्याच्या मधल्या दिवशी सहज जागा मिळते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात संध्याकाळच्या वेळी ग्रीन फी (खेळण्याचे शुल्क) कमी असते, आणि जूनमध्ये उजेड रात्री साडेनऊपर्यंत राहतो. कॉलरचा शर्ट, मऊ खिळ्यांचे बूट आणि वारा अडवणारे जाकीट पुरेसे आहे. छत्री नेऊ नये, वाऱ्यापुढे ती टिकत नाही.

वेजची (जवळून उंच फटका मारण्याच्या काठीची) निवड विचारपूर्वक करावी. हरळीवर आणि पावसाळ्यातल्या मऊ मातीत १२-१४ अंश बाउन्सची (बाउन्स म्हणजे पात्याच्या तळाचा कोन) सँड वेज बरी पडते. तीच वेज या टणक जमिनीवर आपटून उसळते, तिची धार चेंडूच्या मध्यावर लागते आणि चेंडू ग्रीनपलीकडे सुसाट जातो. ६-८ अंश बाउन्सची वेज बरोबर ठेवावी. त्याहून चांगले म्हणजे वेज पिशवीतच राहू द्यावी. ग्रीनच्या वीस-तीस यार्ड अलीकडून सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याच्या काठीने) चेंडू थोडासा उचलून घरंगळत सोडावा. जमीन सपाट असेल तर सरळ पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याची काठी) वापरावा. उंच फटका वाऱ्यात कुठेही जातो. समोरून वारा असताना जोर वाढवला की चेंडूची उलटी फिरकीही वाढते आणि तो अधिकच वर चढतो. दोन-तीन नंबर मोठा क्लब (काठी) घेऊन संथ मारणे हाच उपाय.

चौथ्या होलला केप बंकर आहे. सुमारे शंभर यार्ड रुंद, आणि त्याची भिंत रेल्वेच्या जुन्या काळ्या लाकडी स्लीपरांनी बांधलेली. टीवरून पाहिले की समोर आडवे धरण घातल्यासारखे दिसते. फटका कमी पडला तर चेंडू स्लीपरवर आदळून पुन्हा वाळूत मागे येतो. भिंतीलगत पडलेला चेंडू पुढे काढायचा प्रयत्न करू नये. लाकडावरून उसळून तो अंगावर येतो. मागे किंवा बाजूला काढावा. तेही जमत नसेल तर चेंडू न खेळण्याजोगा घोषित करून एका फटक्याच्या दंडात बंकरमध्येच दुसरीकडे टाकता येतो, आणि २०१९ पासून दोन फटक्यांच्या दंडात बंकरबाहेर, झेंड्याच्या रेषेत मागे नेऊनही टाकता येतो.

मधल्या होलांवर अणकुचीदार समुद्री लव्हाळ्याची दाट बेटे आहेत. आपल्या ओढ्याकाठचा लव्हाळा वाकतो. हा ताठ असतो, छातीपर्यंत वाढतो आणि प्रत्येक काडीचे टोक दाभणासारखे. चेंडू कधीकधी त्या काड्यांत अडकून तसाच अधांतरी राहतो. शोधायला वाकताना डोळ्यांना इजा होऊ शकते, म्हणून चष्मा असावा आणि तोंड आत घालण्याऐवजी गोल्फच्या काठीने काड्या बाजूला कराव्यात. शोधायला तीनच मिनिटे मिळतात; पूर्वी पाच होती. तेव्हा चेंडू लव्हाळ्याकडे जाताना दिसला की पुढे जाण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारून ठेवावा. ते न सांगता मारला तर तोच खेळातला चेंडू ठरतो, मग पहिला सापडून उपयोग नाही.

मेंढ्या-घोड्यांमुळे नियमांचे प्रश्न पावलोपावली येतात. लेंड्या आणि लीद यांना नियम सुटी पाने-काटक्या यांच्याच वर्गात धरतात. त्या बाजूला करायला दंड नाही. मात्र त्या करताना ग्रीनबाहेर चेंडू हलला तर एक फटका दंड आणि चेंडू मूळ जागी. थांबलेला चेंडू मेंढीने लाथाडला तर दंड नाही, चेंडू जिथे होता तिथे परत ठेवायचा. उडत किंवा घरंगळत जाणारा चेंडू मेंढीला लागला तर जिथे थांबेल तिथून खेळायचे. फक्त ग्रीनवरून मारलेला चेंडू ग्रीनवरच जनावराला लागला तर तो फटका धरत नाहीत, पुन्हा मारायचा. खुराच्या खड्ड्यात चेंडू बसला तर ग्रीनवर तो खड्डा दुरुस्त करता येतो. ग्रीनबाहेर मात्र आहे तसाच खेळावा लागतो, स्थानिक नियमात सवलत असेल तरच हलवता येतो. ओल्या वाळूत घोड्याचा खूर मूठभर खोल जातो आणि चेंडू बरोबर त्याच्या तळाशी जाऊन बसतो. तिथून लांब मारण्याचा नाद करू नये, वेजने फक्त बाहेर काढावा. स्थानिक नियम स्कोअरकार्डाच्या मागे छापलेले असतात. ते पहिल्या टीवरच वाचून घ्यावेत.

डेव्हनपर्यंत जाणे जमत नसेल तर कॉट्सवोल्ड्समध्ये मिंचिनहॅम्प्टन आहे. तिथे आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे असलेल्या सामायिक जमिनीवर १८८९ पासून खेळतात आणि मे महिन्यात गावच्या गाई मोकळ्या सोडतात. त्या रस्त्यावरही बसतात, तेव्हा संध्याकाळी गाडी सावकाश चालवावी. जवळच्या पेन्सविकचे मैदान लोहयुगीन गढीच्या तटबंदीवरून जाते. ससेक्समधल्या रॉयल ॲशडाउन फॉरेस्टवर एकही बंकर नाही, कारण त्या वनाच्या जमिनीत खोदकामाला मनाई. कॉर्नवॉलच्या सेंट एनोडॉकला मैदानाच्या मधोमध छोटे चर्च आहे. वाळूने ते इतके गाडले गेले होते की पाद्री छपरातून आत उतरे. कवी जॉन बेचमन यांची कबर तिथेच आहे, आणि सहाव्या होलवरच्या प्रचंड वाळूच्या बंकरला ‘हिमालय’ म्हणतात. चर्चकडे जाणारी सार्वजनिक वाट मैदानातून जाते, तिथे वर सांगितलेली सगळी काळजी घ्यावी.

एक कायद्याची बाब स्पष्ट असावी. इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्याने डोंगराळ आणि सामायिक जमिनींवर मोकळेपणी फिरण्याचा हक्क दिला, पण गोल्फ मैदानाची जमीन त्यातून वगळली आहे. म्हणून मैदान कोणतेही असो, नकाशावर दाखवलेली सार्वजनिक वाट धरून चालावे. त्या वाटेवरून जाण्याचा हक्क मैदान खासगी असले तरी मालक काढून घेऊ शकत नाही. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० नकाशावर अशा वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात, आणि प्रत्यक्ष खांबावर पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडेस्वारांनाही मुभा असलेली. बरोजसाठी एक्स्प्लोरर मालिकेतला १३९ क्रमांकाचा नकाशा लागतो. फोनवर विसंबू नये, किनाऱ्यावर रेंज जाते.

मे अखेरच्या बँक हॉलिडेच्या सुमारास जाणे जमले तर फारच चांगले. त्या दिवसांत लाटांनी पुळणीवर पसरलेले गोटे उचलून बांधावर परत टाकण्याची पॉटवॉलपर मंडळींची जुनी प्रथा आहे. हवा तेव्हा बरी असते, गवत हिरवे असते आणि मेंढ्यांबरोबर कोकरेही असतात. मुक्कामाची जागा मात्र फेब्रुवारीतच नोंदवावी लागते. शाळांना सुटी असल्यामुळे ऐनवेळी खोली मिळत नाही.

आपला नम्र,
एक वाचक
एक्सेटर, डेव्हन